बहुरूप्याचं आवतन आणि लंडनचं वऱ्हाड

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार, लावणीचे फड, तमाशाच्या राहुट्या यांची वर्णनं पुष्कळ छापून येतात. मला ज्यांच्याविषयी लिहायचं आहे, त्यांची राहुटी नसते. खांद्याला झोळी, अंगात जुना खाकी कोट, हातात एक छडी, एवढ्यावर ते यात्रेत फिरतात. बहुरूपी. आमच्याकडे त्यांना रायरंदही म्हणतात.

बहुरूप्याचं सोंग पुष्कळांनी लहानपणी पाहिलेलं असेल. दारात येऊन तो छडी आपटतो, पोलिसी आवाजात घरधन्यावर खोटंच वॉरंट काढतो, पोरं घाबरून आईच्या पदराआड जातात. मग एकदम सूर बदलतो आणि तो लग्नाचं आवतन देऊ लागतो. त्या लग्नात काहीच सरळ नसतं. नवरा कसला, नवरी कसली, मांडव कुठं, जेवणात काय, सगळंच उफराटं. जेवणाच्या यादीत खाण्याजोगा एक पदार्थ सापडत नाही. ऐकणारा हसतो, पायलीभर धान्य झोळीत पडतं आणि बहुरूपी पुढच्या दाराला जातो. एका माणसानं, एका दमात, पाच-सहा आवाजांत केलेला हा खेळ आहे. त्याचा विषय ठरलेला: कुठल्या तरी दूरच्या, अशक्य लग्नाला सगळ्या गावाला घेऊन जायचं.

गेली बारा-पंधरा वर्षं मी मराठवाड्यातल्या फिरत्या विनोदाची माहिती गोळा करतो आहे. माझ्याकडं या विषयाची पदवी नाही. मुखेडला माझं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, आता तिथंच मोबाइल दुरुस्त करतो. पण कान या धंद्यानं तयार झाला, आणि या लेखातलं जे काही माझं म्हणून आहे, ते त्या कानाचं आहे. मला सांगायचं आहे ते असं: सत्तरच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादच्या एका प्राध्यापकानं बहुरूप्याचं हेच आवतन उचललं, आमच्या बोलीत दिलं आणि सगळ्या महाराष्ट्राला लंडनच्या लग्नाला नेलं. तोवर आमची बोली विनोदात असली तर हसण्याची वस्तू म्हणून असायची. त्यानंतर ती हसवणाऱ्याची झाली. हा फरक लहान नाही.

आधी तमाशाचं बघू. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळ्यातल्या जत्रा संपेपर्यंत चालतो. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी तिथं जाऊन सुपारी देतात. म्हणजे आमच्याकडं जत्रेत जो सोंगाड्या आला, तो बहुतेक घाटावरून आला. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ घ्या. त्यांच्या वगातल्या जुळ्या हवालदारांना बघून आमच्याकडची माणसंही हसून बेजार झाली. पण त्यांची बोली दक्षिण महाराष्ट्राची. पुढं १९६५ साली वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं, दादा कोंडके घरोघर पोचले. त्याच काळात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनाचे दौरे सुरू केले. तीन लेखक, तीन खुर्च्या, एक माइक. महाराष्ट्रभर त्यांच्या कार्यक्रमांना गर्दी लोटायची. त्यांची गावं माणदेशातली, कोल्हापूरकडची आणि पंढरपूर-अकलूजच्या बाजूची.

यात कुणाचा दोष नाही. पण याचा परिणाम असा झाला की विनोदातलं ‘खेडं’ म्हणजे घाटावरचं खेडं, आणि ‘ग्रामीण बोली’ म्हणजे तिकडची बोली, हे पक्कं झालं. नाटक-सिनेमातला खेडूत ‘काय रं’ म्हणायचा. ‘काय करूलालास’ म्हणणारा खेडूत कुणी पाहिलाच नव्हता. आमच्याकडची पोरं शिकायला पुण्याला गेली की पहिल्या आठवड्यात हे ‘करूलालास’, ‘येऊलालो’, ‘कामून’ गिळून टाकायची. खोलीतली बाकीची पोरं हसायची म्हणून. कोल्हापूरचा पोरगा आपली बोली मिरवायचा, नांदेडचा लपवायचा. मी स्वतः पुण्यात शिकलो नाही, पण सुट्टीला आलेले मित्र दुकानात बसून ‘अरे, मी काय म्हणतोय’ असं बोलू लागले की आम्ही गावात राहिलेले त्यांना हसायचो. दोन्हीकडून मार त्यांनाच.

याला इतिहासही आहे. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला. दफ्तर उर्दूचं, शाळा उर्दूची, देगलूर ओलांडलं की तेलुगू, उदगीर ओलांडलं की कानडी. आमच्या मराठीत हे सगळं मिसळलेलं आहे. आम्हाला त्याची लाज वाटायचं कारण नव्हतं, पण प्रमाण मराठीची पुस्तकं पुण्याहून यायची आणि त्या पुस्तकांत आम्ही नव्हतो.

अशा वेळी लक्ष्मण देशपांडे आले. त्यांचा जन्म ५ डिसेंबर १९४३ चा. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात ते शिकवत. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनीच लिहिलं, त्यांनीच केलं. तीन तास, एक माणूस, ५२ पात्रं. गोष्ट सांगायला सोपी: मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या घरचं लग्न लंडनला ठरतं आणि भावकी, सोयरे, म्हातारेकोतारे सगळे विमानानं निघतात. हातात एक उपरणं. ते डोक्यावर आलं की बाई, गळ्यात पडलं की पाहुणा, खांद्यावर टाकलं की घरातला कर्ता. गिनीज बुकात नोंद झाली, अमेरिका, इंग्लंड, आखाती देश झाले, प्रयोगांची संख्या हजाराच्या वर कितीतरी गेली. २२ फेब्रुवारी २००९ ला ते गेले.

एक गैरसमज इथंच दूर करतो. नावातल्या ‘वऱ्हाड’ शब्दामुळं विदर्भात अनेकांना हे नाटक त्यांच्या वऱ्हाड प्रांताचं, वऱ्हाडी बोलीतलं वाटतं. ते तसं नाही. वऱ्हाड म्हणजे इथं लग्नाचं वऱ्हाड, आणि बोली मराठवाड्याची. त्यातही बारीक बघायचं तर ती मध्य मराठवाड्याची, औरंगाबाद-जालना-बीडच्या अंगानं जाणारी. मुखेड-देगलूरची नव्हे. आमच्याकडचे जुने लोक ऐकताना मधेच म्हणायचे, ‘हे आपल्यात असं नै म्हणत.’ पण हा घरातला वाद झाला. तो घालता आला यातच सगळं आलं.

एकट्यानं नाटक करण्याची वाट देशपांड्यांच्या आधी पुलंनी पाडली होती. १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ त्यांनी एकट्यानं रंगमंचावर उभी केली. आणि त्याच्या आदल्या वर्षी, १९६० ला, ‘अपूर्वाई’ पुस्तकरूपात आलं, तेही इंग्लंडच्या प्रवासावरच. त्यामुळं ‘वऱ्हाड’ म्हणजे पुलंची मराठवाडी आवृत्ती असं समजण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ‘अपूर्वाई’मधला प्रवासी इंग्लंडला ओळखतो. इंग्रजी साहित्य वाचलेला, लहानपणापासून लंडनचे रस्ते पुस्तकांतून पाठ झालेला, तिथं गेल्यावर मनातलं आणि समोरचं ताडून पाहणारा असा तो मध्यमवर्गीय माणूस आहे. त्याच्या हसण्यात एक कौतुक आहे आणि थोडी भीड आहे. ‘वऱ्हाडा’तल्या माणसांनी लंडनचं काहीही वाचलेलं नाही. त्यांना भीड नाही. विमान म्हणजे एसटीच, फक्त वरून जाणारी. विमानतळ म्हणजे स्टँड. लंडन म्हणजे सोयऱ्याचं गाव.

आणि ते वऱ्हाडी आहेत, ही यातली खरी मेख. लग्नाला निघालेला माणूस आपल्याकडं कुठंही लाजत नाही. त्याला रुसायचा हक्क असतो, चहा गार म्हणायचा हक्क असतो, मानपान मागायचा हक्क असतो. देशपांड्यांनी मराठवाड्याच्या माणसाला नोकरी मागायला, शिकायला किंवा बघायला लंडनला नेलं असतं तर तो बिचारा झाला असता. त्यांनी त्याला लग्नाला नेलं. ज्यांच्या हाताखाली निजाम आणि निजामाच्या हाताखाली आम्ही, अशी दोन मजली गुलामी काढलेली माणसं इंग्रजाच्या दारात वऱ्हाडी म्हणून उभी राहतात. हा विचार देशपांड्यांनी मुद्दाम केला असेल असा माझा दावा नाही. पण बहुरूप्याचं आवतन ज्यांनी लहानपणी ऐकलं, त्यांना तो हक्क समजावून सांगावा लागत नाही.

या नाटकावर एक आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे: यात मराठवाड्याचं हसं केलं. अडाणी माणसं विमानात बसतात, त्यांना काही कळत नाही, आणि शहरातले लोक खदाखदा हसतात. या आक्षेपाला मी उडवून लावत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षागृहात काही हसणं त्या जातीचं असणारच. नव्वदच्या सुमाराला नांदेडला मी प्रयोग पाहिला तेव्हा मात्र हसणाऱ्यांत धोतर-पटकेवालेच जास्त होते. आणि त्यांचं हसणं वेगळ्या जागी होतं. विमानाच्या गोंधळाला ते हसले, पण त्याहून मोठं हसू आलं ते घरातल्या रुसव्याफुगव्यांना, भावकीतल्या टोमण्यांना, कोण कुणाला विचारल्याशिवाय निघालं त्याला. विमान त्यांनी पाहिलं नव्हतं. भावकी पाहिली होती.

याचा एक पुरावा माझ्या दुकानात होता. १९९० च्या दशकात ‘वऱ्हाड’च्या कॅसेटी घरोघर होत्या आणि फीत अडकली की माझ्याकडं यायच्या. जो भाग पुन्हा पुन्हा मागं घेऊन ऐकला जातो, तिथं फीत ताणते, आवाज किंचित जाड आणि संथ होतो. दोन-तीन वर्षांत मला कळू लागलं की कुठल्या गावाची कॅसेट कुठं ताणते. मुखेड गावातल्या, नोकरदारांच्या घरच्या कॅसेटी विमानात बसण्याच्या भागाला ताणायच्या. खेड्यांतल्या कॅसेटी त्याच्या बऱ्याच आधी, वऱ्हाड घरून निघायच्या तयारीलाच ताणायच्या. मी तेव्हा हे वहीत मांडून ठेवलं नाही, पण शेकड्यांनी कॅसेटी हातातून गेल्या आणि हा फरक टिकून राहिला.

माझ्या मते या आक्षेपाला खरं उत्तर शेजारीच मिळतं, फक्त ते मराठीत नाही. बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याला १९२२ ला जन्मलेले सुलेमान खतीब हे दखनी भाषेचे विनोदी शायर. नोकरी गुलबर्ग्याला. ‘केवडे का बन’ हा त्यांचा संग्रह. दखनीला लखनौ-दिल्लीचे उर्दूवाले गावंढळ समजत, जसं आमच्या मराठीला पुणेकर समजत. खतीब त्या गावंढळ भाषेतच मुशायऱ्यात उभे राहायचे. त्यांची एक गाजलेली नज्म लग्नाच्या बोलणीवर आहे: मुलाची आई, मुलीची आई, मागणी, हुंडा. लोक हसत हसत ऐकायचे आणि शेवटाकडं रुमाल काढायचे. १९६२ साली हैदराबादेत ‘जिंदादिलान-ए-हैदराबाद’ ही विनोदी लेखक-शायरांची संस्था निघाली, १९६८ पासून ‘शगूफा’ हे विनोदाला वाहिलेलं मासिक सुरू झालं, आणि असे मुशायरे गावोगाव होऊ लागले. खतीब १९७८ ला वारले. त्याच सुमाराला औरंगाबादेत ‘वऱ्हाड’ आकार घेत होतं.

देशपांड्यांवर खतीबांचा प्रभाव होता असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की जुन्या हैदराबाद राज्याच्या दोन टोकांना, दोन भाषांत, एकच गोष्ट घडली. ज्या बोलीला हसतात, तीच बोली घेऊन एक माणूस फिरतीवर निघाला. आणि दोघांनीही विषय निवडला लग्नाचा, म्हणजे आईबापांचा. लेकराच्या लग्नाइतकं आईबापाला उघडं पाडणारं दुसरं काही नाही. परक्या भाषेच्या, परक्या चालीरीतींच्या घरात लेकरू जातंय, हे दुःखच आहे. ते हसत सांगितलं की ऐकवतं.

फिरतीवरच्या माणसांचं स्वतःचं लेकरू मात्र गोष्टीत क्वचित येतं. तमाशात विठाबाई नारायणगावकरांची हकीकत सगळे सांगतात: दिवस भरलेले असताना उभ्या राहिल्या, खेळ चालू असतानाच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर आल्या. ती हकीकत शौर्याची म्हणून सांगितली जाते. मला ती ऐकताना त्या बाळाचंच वाटतं.

याविषयी मी पहिल्यांदा विचार केला तो एका रात्रीच्या जेवणामुळं. रामदास फुटाण्यांमुळं विनोदी कविसंमेलनं महाराष्ट्रभर रुजली आणि मग गावोगाव तीन-चार कवींचे चमू फिरू लागले. दहाएक वर्षांमागं आमच्या गावात असाच एक चमू आला होता. कार्यक्रम संपायला बारा वाजले, हॉटेलं बंद, म्हणून संयोजकांनी तिघांना माझ्या घरी आणलं. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वरण. एक कवी परभणीकडचे, वयानं मोठे, त्यांना बाकीचे गुरुजी म्हणत. एक कोल्हापूरकडचा, एक अमरावतीचा. मंचावर जे बोलले त्यातलं एक अक्षरही त्यांनी जेवताना काढलं नाही. त्यांचं वेगळंच चाललं होतं.

गुरुजींनी सांगितलेली गोष्ट मी त्याच रात्री लिहून ठेवली. एका तालुक्याच्या स्टँडवर ते उतरले. एक जीप उभी होती. ‘महाराज, चला’ म्हणाले, हे बसले. विनोदी कवीला काही गावांत महाराज म्हणतात, त्यांना वावगं वाटलं नाही. जीप थांबली ती एका वाड्यापुढं. आत फोटोला हार, उदबत्ती, चारशे माणसं बसलेली. तेराव्याचं प्रवचन होतं. प्रवचनकार महाराज त्याच गाडीनं आले होते आणि त्यांना दुसरी जीप गणेश मंडळाच्या हास्य कविसंमेलनाला घेऊन गेली होती.

‘मग काय केलं, गुरुजी?’ कोल्हापूरकरानं विचारलं. त्यानं ही गोष्ट आधीही ऐकलेली असावी.

‘काय करणार? उठून जातो म्हटलं तर चारशे माणसं बघायलीत. बसलो. माझ्या बापाविषयी बोललो अर्धा तास. कधी कुठं बोललो नव्हतो. बाप सालगडी होता माझा.’

‘अन् महाराजांचं काय झालं तिकडं?’ मी विचारलं.

‘ते हिट झाले ना! लोकं म्हणले, विनोदी कवीनं महाराजाचं सोंग भारी आणलं.’

आम्ही इतके हसलो की आतून बायको बघायला आली. गुरुजी हसत नव्हते. म्हणाले, निघताना घरातली म्हातारी आली आणि पाकीट देऊ लागली. ते त्यांना घेववेना.

मग बोलणं कुठल्या मुलखातला श्रोता कसा, यावर गेलं. कोल्हापूरकर म्हणाला, ‘आमच्यात शिट्टी पडली तर पास. तुमच्यात मात्र अवघड हाय. पहिल्या रांगेतला पाहुणा हसला तरच मागचे हसतात.’ हे खरं आहे. आमच्याकडं सभेत मोठ्या माणसाआधी हसायचं नसतं, ती सवय निजामाच्या काळापासूनची असेल किंवा त्याही आधीची. अमरावतीकर म्हणाले, विदर्भात श्रोता उलट उत्तर देतो, तयारी ठेवावी लागते. पुण्यात हसू उशिरा येतं, आधी तपासून घेतात. आणि परदेशातल्या मराठी मंडळांत? अमरावतीकर एकदा जाऊन आले होते. ‘तिथं गावाकडच्या विनोदाला आधी हसतात, मग रडतात. अन् पोरं मोबाइल बघत बसतात, कारण त्यांना आईबाप कामून रडून राह्यले ते कळत नाही.’

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपुढं मराठी बोलीतला विनोद करायचा म्हणजे काय, हे त्या एका वाक्यात मला जेवढं कळलं तेवढं मंडळांच्या स्मरणिकांतून कळलं नव्हतं.

कोल्हापूरकर सगळ्यांत तरुण. महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्याची मुलगी दुसरीत होती. शाळेत ‘माझे बाबा’ म्हणून निबंध होता, तिनं लिहिलं, माझे बाबा लोकांना हसवतात आणि घरी आले की झोपतात. हे तो मंचावर सांगायचा आणि त्याला मोठा हशा मिळायचा. मग एकदा मुलगी शाळेतून आली ती रडतच. कुणीतरी यूट्यूबवर बघितलं होतं, वर्ग तिला चिडवत होता. ती बापाला एवढंच म्हणाली, ‘माझं सांगू नका.’

‘मग काढून टाकलं का?’ गुरुजी म्हणाले.

‘काढलं. दोन महिनं तिथं दुसरं काय बसंना, गुरुजी.’

ताटं उचलली तेव्हा दोन वाजले होते. पहाटे त्यांना उदगीरची गाडी होती. विनोद करणाऱ्याचा कच्चा माल म्हणजे त्याचं घर, हे मला त्या रात्री कळलं. सोंगाड्या राजाची, सरदाराची, मावशीची टिंगल करायचा, स्वतःच्या लेकराची नाही. बहुरूपी तर लग्नच खोटं काढतो. देशपांड्यांचं शहाणपण मला इथं दिसतं: त्यांनी ५२ माणसं उभी केली, पण ती आपल्या सगळ्यांची भावकी वाटते, देशपांड्यांची वाटत नाही. कुणाही एकाच्या घराला ती ओरखडत नाही. आताच्या एकट्यानं माइकपुढं उभं राहणाऱ्या पोरापोरींना हा आडोसा नाही. ‘मी’, ‘माझी आई’, ‘माझे बाबा’ असंच त्यांना बोलावं लागतं. ‘भाडिपा’सारख्या मंडळींनी २०१६ नंतर मराठीत ही वाट रुळवली. त्यातलं काही मला फार आवडतं, काही ऐकताना त्यांच्या आईची काळजी वाटते.

बोलीचं मात्र पुढं चांगलं झालं. मकरंद अनासपुरे सिनेमात आले आणि मराठवाडी बोलणारा माणूस नायक झाला, नायकाचा गडी नव्हे. देशपांड्यांनंतर ‘वऱ्हाड’ माजलगावच्या संदीप पाठक यांनी उभं केलं. त्यांचा वेग वेगळा आहे, देहबोली आजची आहे, आणि जुन्या कॅसेटी पाठ असलेले लोक कुरकुर करतात. मला ती कुरकुर मान्य नाही. एकपात्री नाटक लेखकाबरोबर जातं असाच आपला अनुभव. हे गेलं नाही. ‘चला हवा येऊ द्या’ परदेश फिरून आलं, ‘हास्यजत्रा’वाले परदेशात प्रयोग करतात, आणि आमच्या भागातली पोरं ‘करूलालास’ म्हणत रील काढतात, ते पुण्यातली पोरं बघतात. पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जाणारा मुखेडचा पोरगा आता बोली गिळत नाही, निदान सगळी नाही.

राहिला बहुरूपी. त्याच्यावर कुणी लिहिलेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, आणि त्याचं आवतन गावागणिक वेगळं असतं ते तर कुठंच एकत्र नाही. मागच्या माळेगाव यात्रेत मला एक साठीचे बहुरूपी भेटले. पोलिसाचं सोंग त्यांनी सोडलं आहे. खरे पोलीस हरकत घेतात, शिवाय गावात पोरं चोरणारी टोळी आल्याच्या अफवा उठल्या की अनोळखी माणसाला मार पडतो. भिक्षेकरी समजून भटक्या जमातींच्या माणसांना जमावानं मारल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. म्हणून ते आता साधा कोट घालतात, गळ्यात आधार कार्ड अडकवतात. मुलगा पुण्याला कंपनीचा रंगीत शर्ट घालून घरोघर पार्सल पोचवतो. ‘त्यो बी दारातच हुबा ऱ्हातो,’ ते म्हणाले, ‘पन त्याला कुनी हसत नै.’

त्यांच्याकडून मी आवतन मोबाइलवर भरून घेतलं. चार मिनिटं वीस सेकंद. वडलांचं याच्या तिप्पट होतं म्हणाले, पण तेवढा वेळ आता दारात कुणी उभं करत नाही. मधे एका जागी ते अडले, पुढचं आठवेना. शेजारी घोंगडी विकायला बसलेल्या म्हाताऱ्यानं तिथून ते उचललं आणि शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. तो बहुरूपी नव्हता, नायगावकडचा होता, लहानपणी दारात ऐकलेलं त्याला पाठ होतं. दोघांच्या आवतनात लग्नाचं गाव मात्र वेगवेगळं होतं. मुखेड, कंधार, देगलूर आणि बिलोली तालुक्यांत असं कुणाला येत असेल तर मला भरून घ्यायचं आहे. यंदाच्या यात्रेत मी घोडेबाजाराच्या बाजूला सगळे दिवस असेन.